बोलता येतंय तोवर विचारा : कवठे महांकाळ तालुक्यातील सर्व कुटुंबांना जाहीर आवाहन



मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं अतिदक्षता विभागात काढली. आपल्या भागातलं मोठं दुखणं शेवटी मिरज-सांगलीलाच जातं. त्यामुळे ढालगाव, नागज, रांजणी, देशिंग, कुची अशा गावांतली माणसं मी तिथल्या बंद दाराबाहेर ताटकळत बसलेली पाहिली आहेत. रात्री-अपरात्री डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, “पेशंटचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून चालू करायचा प्रयत्न करायचा का? नको असेल तर तसं लिहून द्या.” थोरला धाकट्याकडे बघतो, धाकटा आत्याकडे. एक मुलगा गलाईच्या धंद्यात दूर तमिळनाडूत असतो. तो फोनवर रडत सांगतो, “मी पोचेपर्यंत कुणी सही करायची नाही.” आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे ते आबा आत असतात, घशात नळी, बोलायची सोय नाही.

आबांना हे आधी कुणी विचारलेलं नसतं. तेवढ्यासाठीच हे आवाहन करते आहे. हा प्रश्न त्यांचा आहे. ते बोलू शकतात, तोवरच तो त्यांना विचारा.

“नको” असं लिहून दिलेल्या त्या कागदाला दवाखान्यात डीएनआर म्हणतात. हृदय किंवा श्वास थांबला तर तो कृत्रिमरीत्या पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रयत्न कसा असतो, हे सिनेमात दाखवतात त्यावरून कळत नाही. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दरवेळी निदान पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. म्हातारपणी त्यात अनेकदा बरगड्या मोडतात. मग घशात नळी, व्हेंटिलेटर, गरज पडली तर विजेचा झटका. तरुण माणसाला अचानक झटका आला असेल, विजेचा धक्का बसला असेल, बुडता बुडता काढलं असेल, तर हाच प्रयत्न जीव वाचवतो आणि तो लगेच, पूर्ण ताकदीनं केलाच पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदी सांगतात की दवाखान्यात हृदय बंद पडलेल्या सगळ्या रुग्णांत साधारण पाचातला एक, फार तर चारातला एक, जगून घरी जातो. शरीरभर पसरलेला कॅन्सर किंवा एकामागून एक निकामी झालेले अवयव असतील, तर ही आशा त्याहून फार कमी असते. अशा वेळी हृदय थांबणं हे त्या आजाराचं शेवटचं पाऊल असतं. छाती दाबून तो आजार मागं फिरत नाही.

आता गावात जे बोललं जातं त्याबद्दल. “बापाला मारायची सही केली,” हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. दहाव्याला पाहुणे बसलेले असताना, सगळ्यांसमोर, ज्या मुलीनं सहा महिने आईचं हागणं-मुतणं काढलं तिलाच उद्देशून. हे वाक्य तोंडातून काढू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2020 साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट आहे की हा निर्णय फक्त हृदय-श्वास पुन्हा चालू करण्यापुरता आहे. सलाइन, औषधं, ऑक्सिजन, वेदनेवरचे उपचार, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं पुढे चालू राहतं. तब्येत सुधारली तर निर्णयाचा पुन्हा विचार होतो. हा आदेश वैद्यकीय कारणं तपासून, रुग्णाशी किंवा त्याच्या माणसांशी बोलून, उपचार करणारे डॉक्टरच देतात. सगळा भार त्या मुलीच्या सहीवर नसतो.

पण उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगते. बिल भागत नाही म्हणून, बेदाण्याचे पैसे अजून हातात आले नाहीत म्हणून, किंवा “आता म्हातारं माणूस, काय करायचंय” असं कुणी म्हणालं म्हणून कधीही सही करू नका. पैशाची अडचण असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, आरोग्यमित्राला भेटा, सरकारी रुग्णालयात हलवता येईल का ते विचारा. सही घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे: आजार बरा होण्यासारखा आहे का, छाती दाबून काय साधेल, आणि सही केल्यावर कोणते उपचार चालू राहतील. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि ज्यांना शेवटपर्यंत सगळे प्रयत्न हवे आहेत, त्यांनी तसंही स्पष्ट सांगावं. तेही त्यांचं म्हणणं आहे, त्याचाही मान ठेवायचा.

अरुणा शानबाग मला आजही आठवतात, कारण त्या आमच्यातल्याच, परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर सुमारे 42 वर्षं त्या तिथंच होत्या, आणि केईएमच्या परिचारिकांनी, एका पिढीनं दुसरीच्या हाती देत, त्यांना सांभाळलं. त्यांना शांतपणे मरू द्यावं म्हणून लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 7 मार्च 2011 ला न्यायालयानं ती मागणी मान्य केली नाही आणि त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा मानला. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं त्या गेल्या. त्या परिचारिकांपुढे मी हात जोडते. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. विराणीताई बोलल्या, डॉक्टर बोलले, न्यायाधीश बोलले. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला असलं कोण विचारतं?

2011 च्या त्याच निकालानं या चर्चेला वाट मिळाली. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. पहिली पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी झाली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कुणीही, कुणाच्या दबावाशिवाय, आपल्या इच्छेच्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी. आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं लिहावीत, एकाहून जास्तही चालतात. मन बदललं तर कागद कधीही रद्द करता येतो. आजार बरा होण्याची आशा नसेल आणि माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तेव्हाच तो कामाला येतो. तेव्हाही यंत्रं काढायची तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात. म्हणजे जमिनीच्या वाटणीपायी कुणी म्हाताऱ्याचा कागद पुढे करील, ही भीती बाळगू नका. मालमत्तेच्या इच्छापत्राशी याचा काहीही संबंध नाही.

या कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. हे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला आणि राज्य सरकारनं नेमणुका केल्या. गोव्यात 2024 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःची इच्छा नोंदवून सुरुवात केली. आपल्या नगरपंचायतीला आणि पंचायत समितीला माझी विनंती आहे: आपल्याकडे ही प्रत कोण स्वीकारतं, त्यांचं नाव आणि वेळ दारातल्या फलकावर मराठीत लावा. ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावातल्या डॉक्टरांनी जुनाट आजाराच्या रुग्णांशी स्वतःहून बोलावं. लोक तुमचं ऐकतात.

गलाईच्या धंद्यानिमित्त केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत गेलेल्या माझ्या भावांनो, तुम्ही दिवाळीला, जत्रेला येता तेव्हा आईवडिलांपाशी तासभर बसा. सगळी भावंडं असताना बसा, सुनांनाही बसवा, कारण सेवा त्याच करतात. सरळ विचारा: “आई, तू फार आजारी पडलीस आणि डॉक्टरांनी हात टेकले, तर तुला दवाखान्यात राहायचंय की घरी? मशीनवर ठेवायचं का? तुझ्या वतीनं कुणी बोलायचं?” म्हातारी माणसं या प्रश्नांना आपल्याइतकी घाबरत नाहीत. त्यांनी आपल्या घरात जन्म-मरण जवळून पाहिलेलं असतं. त्यांनी विषय टाळला तर जबरदस्ती करू नका, पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. आणि पुढे कधी दवाखान्यातून रुग्णाला घरी न्यायचं ठरलंच, तर “घेऊन जा” एवढ्यावर निघू नका. वेदनेचं, धाप लागण्याचं औषध कुठलं, किती, कधी, हे लिहून घ्या. मॉर्फिन रुग्णांना मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 साली कायदाही बदलला आहे. तळमळत मरणं कुणाच्याही नशिबी यायला नको.

इच्छेचा हा कागद केला तर तो तिजोरीत कुलूपबंद ठेवू नका. दवाखान्याच्या फायलीत, सर्वांत वर लावा. एक प्रत घरच्या डॉक्टरांना द्या, एक ज्यांचं नाव लिहिलंय त्यांना, आणि परगावच्या भावंडांच्या फोनवर त्याचा फोटो आजच पाठवा.

आपली,
तालुक्यातील एक निवृत्त परिचारिका