पोरांना मैदानावर नेलेच कशाला?

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ माणसे चेंगरून मेली. त्यांत एक शाळकरी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत चहाच्या वेळी निघालेले पहिले वाक्य कोणते? "असल्या गर्दीत पोरांना नेतातच कशाला?" फाटक कोणी बंद ठेवले, आत किती माणसे मावतात आणि आमंत्रण किती जणांना दिले, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. मेलेल्याच्या आईबापाला जाब विचारणे सर्वांत सोपे!

क्रिकेटचे जाऊ द्या. २०१२ साली सरकारने ज्याला गोव्याचा राज्यखेळ म्हटले त्या फुटबॉलबद्दल बोलू. फुटबॉल म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो बाटल्या फेकणारा बेबदा प्रेक्षक. असा प्रेक्षक नाही असे मी म्हणत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला इडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात गॅलरीत मारामारी पेटली आणि १६ जण जिवास मुकले. पण या हाडवैऱ्यांचे पाठीराखे एकाच गॅलरीत शेजारी शेजारी बसवले होते, ते कोणी?

आणि आता खरी गोष्ट. मुले मेली ती बहुतेक वेळा मवाल्यांच्या हातून नव्हे. मवाल्यांसाठी केलेल्या बंदोबस्तात ती मेली.

इंग्लंडमधले शेफिल्ड, १५ एप्रिल १९८९. हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे उभे होते त्या भागापुढे पोलादी जाळी होती. कशासाठी? दंगेखोरांनी मैदानात उतरू नये म्हणून. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक दार उघडले, पण आधीच भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा कोणी अडवला नाही. पुढे जाळी, मागून लोंढा. एकूण ९७ माणसे गेली, सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा. दुसरीकडे पोलीस आणि एक खपाऊ वर्तमानपत्र सांगत होते की, दोष दारू प्यालेल्या प्रेक्षकांचा. तो कलंक पुसायला २०१६ साल उजाडावे लागले. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, असा निर्वाळा ज्यूरीने तेव्हा दिला. सत्तावीस वर्षे!

इंडोनेशियातले कांजुरुहान, १ ऑक्टोबर २०२२. तिथे तर वैराच्या भीतीने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना येऊच दिले नव्हते. म्हणजे भांडायला समोर कोणी नाही. यजमान संघ हरला, काही लोक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही गॅलरीत बसलेल्या कुटुंबांवर. मैदानात अश्रुधूर नको, असा फिफाचा नियम आहे. लोक दारांकडे धावले, ती अरुंद, काही तर पुरती उघडलेलीही नाहीत. १३५ बळी, त्यांत तीसहून अधिक मुले. यांना मारले ते फुटबॉलच्या वेडाने, असे म्हणायचे?

"मग मुलांना घरीच ठेवा" म्हणणाऱ्यांसाठी इस्तंबूलची गोष्ट. २०११ साली फेनरबाहचे क्लबच्या प्रेक्षकांनी दंगा केला म्हणून पुढचे सामने रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली. मग तिथल्या संघटनेने ती बदलली: पुरुषांना बंदी, बायका आणि बारा वर्षांखालील मुले यांना मोफत प्रवेश. ४१ हजारांहून अधिक आल्या! खेळाडूंनी त्यांच्याकडे फुले फेकली. आमच्याकडे मात्र मैदान सुधारायचे म्हणजे बायकामुलांना आधी बाहेर काढायचे आणि उरलेल्यांसाठी दांडे आणायचे.

आमच्या फातोर्ड्याचा इतिहास तरी काय सांगतो? ६ एप्रिल २००१. याच फुटबॉलच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. बनावट तिकिटे खपली, खरे तिकीट हातात घेतलेले लोक बाहेर राहिले आणि वर लाठ्या खाल्ल्या. तिकिटे छापली ती काय प्रेक्षकांनी? २० डिसेंबर २०१५ ला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना आम्ही इथेच शेवटच्या मिनिटांत ३-२ असा हरलो. त्यानंतर जी झटापट गाजली ती गॅलरीतली नव्हे, मैदानावरची. चेन्नईच्या कर्णधाराला पोलिसांनी अटक केली आणि पुढे जामिनावर सोडले. शिस्तीचे धडे मात्र वीस-पंचवीस रुपयांचे चणे खात बसलेल्या बापाला!

हे फक्त खेळापुरते आहे असे समजू नका. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. डिसेंबरात हडफड्याचा नाइटक्लब जळाला, २५ जण गेले, आणि पुन्हा तोच अरुंद वाटेचा प्रश्न निघाला. देव असो, नाच असो, फुटबॉल असो, आमचे दार एकच आणि तेही अर्धे उघडे.

मी सरकारी कारकून आहे. ना हरकत दाखला कसा निघतो ते मला ठाऊक आहे. अर्जासोबत नकाशा जोडलेला असतो, नकाशात दारे असतात, शिक्का बसतो, फाइल कपाटात जाते. सामन्याच्या दिवशी त्या दारांना कुलपे आहेत की नाहीत हे बघायला फाइल उठून जात नाही. विनातिकीट कोणी घुसू नये म्हणून कुलूप लावतात, असे उत्तर मिळते. म्हणजे चारशे रुपयांच्या तिकिटासाठी आत बसलेल्या पोराचा जीव गहाण!

मागणी मोठी नाही. कुटुंबांसाठी वेगळी गॅलरी, दारापासून जवळ. बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे. जागांपेक्षा एकही तिकीट जास्त नको. हरवलेले मूल आणून सोडायला एक ठरलेली जागा, आणि ती कुठे आहे ते मराठी-कोंकणीत ध्वनिक्षेपकावरून सांगणे. आणि प्रत्येक दारावर एक माणूस, ज्याच्या खिशात किल्ली आहे आणि ज्याचे नाव कागदावर आहे.

पुढच्या सामन्याला मुलाला घेऊन जरूर जा. बसण्याआधी आपल्या गॅलरीचे दुसरे दार कुठे आहे ते त्याला दाखवा. कुलूप दिसले तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. नाव सांगता आले नाही, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.