यकृताचा आजार आणि 'दुखण्याच्या दोन गोळ्या'

पुणतांब्यासारख्या गावात गुडघा किंवा कंबर दुखली की माणूस आधी मेडिकल गाठतो. ऊसतोड असो, पेरूच्या बागेतली छाटणी असो, नाहीतर शिर्डीला पायी निघालेली पालखी. 'दुखण्याच्या दोन गोळ्या द्या' एवढे वाक्य पुरते. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते, घटक दुसऱ्यावर. धडधाकट माणसाचे यात बहुतेक वेळा निभावून जाते. सिरॉसिस झालेल्याचे निभावेलच असे नाही.

अशा रुग्णांच्या घरी एक समज पक्का असतो: पॅरासिटामॉल यकृताला वाईट, म्हणून दुसरी 'पॉवरची' गोळी घ्यावी. प्रत्यक्षात या रुग्णांसाठी मर्यादेत घेतलेले पॅरासिटामॉलच अधिक सुरक्षित आहे. यकृत त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागापासून विषारी द्रव्य तयार होते आणि यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. रोजच्या दारूने हे विष जास्त बनते, उपासमारीने ग्लुटाथायोन घटते. म्हणून निरोगी प्रौढासाठी दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा असली, तरी सिरॉसिसच्या रुग्णाने 2 ग्रॅम ओलांडू नयेत. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार किंवा 650 च्या तीन गोळ्या, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून, आणि तेही दोन-तीन दिवसच. दारू सुरू असेल किंवा जेवण तुटले असेल तर एवढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरा धोका डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नायमेसुलाईड या गटाचा आहे. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या आधारावर कसाबसा टिकून असतो. ही औषधे नेमकी तीच द्रव्ये बंद करतात. मग लघवी कमी होते, पोटातले पाणी वाढते, पाणी काढण्याची गोळी लागू पडेनाशी होते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या तर रक्ताची उलटी होते, आणि रक्त गोठण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने मूत्रपिंड बसलेले रुग्ण सरकारी रुग्णालयात आम्हाला नवे नाहीत. नायमेसुलाईड तर थेट यकृतालाच इजा करू शकते. 2011 मध्ये 12 वर्षांखालील मुलांसाठी ते बंद झाले, आणि डिसेंबर 2025 मध्ये तोंडावाटे घ्यायच्या, 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या साध्या गोळ्यांवरही केंद्र सरकारने बंदी घातली.

मिश्र गोळ्यांचा घोळ वेगळाच. एकाच गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतेच. तापाची एक, सर्दीची एक, अंगदुखीची एक, असे करता करता 2 ग्रॅमचा हिशेब कधी चुकला ते कळत नाही. 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून घेतलेल्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली सापडतात. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांना यकृताची इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वाद काही असो, आधीच आजारी असलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

गुडघा-कंबरेसाठी आधी शेक घ्यावा, पट्टा बांधावा, थोडी विश्रांती घ्यावी. चोळायच्या मलमातले औषध रक्तात कमी उतरते, तरी डॉक्टरांना विचारून आणि थोड्याच जागी लावावे. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. त्यांनी बद्धकोष्ठ होते, गुंगी येते आणि सिरॉसिसमध्ये भ्रम होऊ शकतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर मात्र ती परस्पर बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना सांगा.

डायक्लोफिनॅक आणि नायमेसुलाईड ही कायद्याने चिठ्ठीवर द्यायची औषधे आहेत, पण ती बिस्किटांसारखी विकली जातात. औषध प्रशासनाने यात लक्ष घालायलाच हवे. तोवर दुकानदारांनी निदान 'कावीळ, यकृताचा काही त्रास आहे का?' एवढे विचारावे आणि घटकांची नावे असलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्यावा. आम्ही डॉक्टरांनीही सिरॉसिसच्या रुग्णाच्या कागदावर टाळायच्या गोळ्यांची नावे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावीत. त्याला एक मिनिट लागते.

गोळी घेतल्यावर काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पोट फुगणे, असंबद्ध बोलणे किंवा दिवसा झोप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या, आणि घेतलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत आणा.