साच्याचे तीन दिवस

आमच्या सातपाटीस वाऱ्याचें दुर्भिक्ष कधींच नव्हतें. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत तो अनावर झाला आणि वीज मात्र गेली. तेव्हांपासून आमच्या पुतण्यानें घरच्या घरीं पवनयंत्र करण्याचा ध्यास घेतला आहे. स्कॉटलंडांतील ह्यू पिगट यांनीं अशा यंत्राची कृति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली आहे. तीच त्यानें पुढें ठेविली.

यंत्राचें मर्म दोन पोलादी तबकड्यांत. प्रत्येकीवर १२ चुंबक, ध्रुव आळीपाळीनें. मध्यें राळेंत बसविलेलीं तांब्याच्या तारेचीं ९ वेटोळीं. चुंबक आणि वेटोळीं यांत अंतर एखाद्या मिलिमीटरचें. तबकडी किंचित् डुलली कीं घासलीच.

म्हणून छिद्रें पाडण्यापूर्वीं साचा करावा (कारखान्यांत त्यास जिग म्हणतात) असा त्याचा आग्रह. त्यास तीन दिवस लागणार होते. मीं म्हटलें, "अरे, दोन तबकड्यांसाठीं तीन दिवस? कंपास घे, पंच मार आणि मोकळा हो." काकांचा शब्द त्यानें मोडला नाहीं. तीन बोल्ट बसले, चौथा अडला. छिद्र कानशीनें वाढविलें, तों तबकडी डुलूं लागली. पोलाद वायां गेलें, आणि तें त्याच्या पहिल्या पगारांतलें होतें.

शुल्ब म्हणजे दोरी. दोरी व खुंट्या यांनीं वेदी आंखावी, विटा ठरल्या मापाच्याच घ्याव्या, असें शुल्बसूत्रें सांगतात. हें मीं वर्गांत कितीदां सांगितलें असेल! घरांत मात्र नजरेवर विसंबलों.

मग साचा झालाच. जाड पोलादी पत्रा, मध्यें तबकडीच्या भोकांत घट्ट बसणारा गोल उंचवटा, भोवतीं चार छिद्रें व त्यांत कठीण पोलादाचे बुश. ड्रिल बुशमधूनच उतरतें, त्यामुळें भरकटत नाहीं. पहिलें छिद्र पडतांच त्यांत खुंटी घालावयाची, म्हणजे साचा हालत नाहीं. मग उरलेलीं तीन. त्याच छिद्रांवर प्लायवूडचा दुसरा साचा बसतो. त्याच्या १२ खिडक्यांत चुंबक ३० अंशांच्या अंतरानें ठेवावयाचे. हे निओडिमियमचे चुंबक निसटून एकमेकांवर आदळले तर ठिकऱ्या उडतात, मध्यें बोट सांपडलें तर चिरडतें. तेव्हां खिडकी बोटांचीहि राखण करते.

नव्या तबकड्या बिनतक्रार बसल्या. खाऱ्या हवेंत चुंबक गंजतात, म्हणून त्यांवर राळ ओतावयाची आहे. तिचाहि साचा तयार झाला असून त्याच्या तळाशीं वहिनींचा पोळपाट आहे, हें आज सकाळींच उघडकीस आलें.