देवाची कथा आणि दुकानाची पाटी

आमच्या कुलदेवतेच्या जत्रेत यंदा पालखी निघण्यापूर्वी सभामंडपाबाहेर एक मोठा पडदा लावला होता. दिवे मंदावले आणि पडद्यावर चित्रे हलू लागली. काळोखी रात्र, भरतीची नदी, वस्त्रात गुंडाळलेली मूर्ती डोक्यावर घेऊन घाईने होडीत चढणारी माणसे, मागे सुटत चाललेला गाव. सोळाव्या शतकातील ते स्थलांतर आमच्यापैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले. त्यामुळे त्या गर्दीत क्षणभर कोणी हलले नाही. कित्येकांचे हात आपोआप जोडले गेले. होडी पैलतीराला लागली, नव्या जागी पहिली समई पेटली, आणि त्या समईच्या ज्योतीतून हळूहळू तेलाचा एक डबा प्रकट झाला! खाली अक्षरे उमटली: 'तीच श्रद्धा, तीच शुद्धता.' माझ्या शेजारच्या एका वृद्धेने जोडलेले हात सोडले आणि नातवाला विचारले, "त्या व्हड्यांत हो तेलाचो डबो खंय आशिल्लो रे?"

नातवाला उत्तर सुचले नाही. ज्यांनी उत्तर द्यावयास हवे होते ते देवस्थान समितीचे सभासद पहिल्या रांगेत बसले होते. तेही काही बोलले नाहीत. त्या वृद्धेचा प्रश्न तसाच वाऱ्यावर सोडून देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अलीकडे व्यापाराच्या विद्येत एक मंत्र फार जपला जातो. वस्तू विकू नका, कथा सांगा. माल गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी त्याची गोष्ट मनात जाऊ द्या. म्हणजे गिऱ्हाईक त्या छापाचे, म्हणजे आजच्या भाषेत त्या 'ब्रँड'चे, कायमचे आप्त होते. या मंत्रात काहीच तथ्य नाही असे म्हणण्याइतका मी हटवादी नाही. माणूस कथेने बांधला जातो हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवावयास नको. ज्या समाजात हरदासाच्या पूर्वरंगाला पेंगणारे श्रोते उत्तररंगातील आख्यान सुरू होताच सावरून बसतात, त्या समाजाला कथेचे सामर्थ्य ठाऊक आहे. प्रश्न सामर्थ्याचा नाही, अधिकाराचा आहे. कोणती कथा कोणी सांगावी आणि कशासाठी सांगावी, हा तो प्रश्न होय.

व्यापाऱ्याने कथा सांगूच नये काय? अवश्य सांगावी; आणि ती कशी सांगावी याचे उदाहरण आपल्याच सीमाभागातून निघालेले आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या वेळी त्यांना सोपा मार्ग नव्हता काय? नांगराच्या फाळाने सीता भूमीतून प्रकट झाली हे या देशातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जनकाच्या हातात आपला नांगर देणारे एक चित्र छापले की काम भागले असते. पण शेतकऱ्याची शंका फिटली ती लोखंडाने नांगरलेल्या जमिनीत उभे राहिलेले पीक पाहून. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटेखानी नियतकालिक सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी ते निघाले होते. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली त्याला 'स्त्री' हे भावंड मिळाले. दुकानाची खबर म्हणून निघालेल्या पत्राने पुढे मराठी घरांत वाचनाची आणि विचाराची गोडी लावली.

या उदाहरणात काय दिसते? सांगणारा आपल्या मालाची, आपल्या श्रमाची आणि आपल्या गावाची गोष्ट सांगत होता. ती खरी की खोटी, हे ऐकणाऱ्याला वाडीवर जाऊन आणि शेतात उभे राहून पाहता येत होते. नांगराचा फाळ मोडला तर जाब विचारावयास माणूस जागेवर सापडत होता. व्यापाऱ्याच्या कथेला हे तीन कस पुरेत: ती त्याची स्वतःची असावी, पारखता येणारी असावी, आणि सांगणारा तिला जबाबदार असावा.

आता दुसरे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मँचेस्टरच्या कापडाचे तागे आपल्या पेठांत येत, तेव्हा त्यांच्यावर रंगीत, चकचकीत चित्रे चिकटवलेली असत. कधी मुरलीधर कृष्ण, कधी लक्ष्मी, कधी गणपती. चित्रे इतकी सुरेख की कापड फाटून गेल्यावरही लोकांनी ती जपून ठेवली. ज्या गिरणीत ते कापड विणले गेले तिच्या मालकाला गोकुळ कोठे आहे हेही माहीत नसेल. पण आपल्या देवघरातला कृष्ण त्याने बिनपगारी दलाल म्हणून नेमला. आणि त्या कृष्णाच्या हातून जे कापड आपण घेतले त्याने आपल्याच गावातल्या विणकराचा माग थंड केला. हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या व्यवहाराचा इतिहास आहे.

यावर समितीचे एक सुशिक्षित सभासद मला म्हणाले, "काळ बदलला आहे. त्या चित्रपटात खोटे काय होते? आपल्याच देवाची खरी कथा त्यांनी आपल्यापेक्षा चांगली सांगितली." त्यांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण सगळे मर्म तेथेच आहे. कथा खरी होती, आणि तक्रारही तीच आहे. त्या तेलविक्याने तेलाविषयी एकही असत्य वाक्य उच्चारले नाही; वस्तुतः तेलाविषयी तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त आपला डबा एका सत्याच्या शेजारी नेऊन ठेवला आणि श्रोत्यांच्या डोळ्यांतले पाणी त्या डब्यावर पडेल अशी व्यवस्था केली. शुद्धता तेलाची असते आणि ती प्रयोगशाळेत तपासता येते. श्रद्धा श्रोत्यांची होती. ती त्याच्या घाण्यातून निघालेली नव्हती.

अशा चोरीला कायदा पकडू शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण फसवणूक सिद्ध होण्यास मालाविषयी काहीतरी दावा तर केलेला असावा लागतो! 'रामायण' हे नाव उदबत्तीचे चिन्ह म्हणून एकाच विक्रेत्याच्या मालकीचे होऊ शकते काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१५ साली न्यायालयाने 'नाही' असे निःसंदिग्ध उत्तर दिले. पण तेथे प्रश्न नावाच्या मक्त्याचा होता. कथेला मक्ता न मागता नुसते भाड्याने वापरणाऱ्याला कोणते न्यायालय अडविणार? तेथे राखण करावयाची ती आपणच.

दुसरा आक्षेप असा की कीर्तनकारही बिदागी घेतो, मग व्यापाऱ्याने काय पाप केले? बिदागी कथेबद्दल मिळते. हरदासाने ध्रुवाचे आख्यान लावले तर श्रोत्याने ध्रुवापाशी पोचावे एवढीच त्याची इच्छा असते. ध्रुवाच्या आडून तो घोंगडी विकत नाही. ज्या दिवशी विकू लागेल त्या दिवशी त्याच्या गळ्यातील हार उतरवावा लागेल.

तिसरा आक्षेप: जत्रेत दुकाने तर पूर्वापार लागत आली आहेत. लागोत! खाज्यांचे आणि बांगड्यांचे दुकान नसलेली जत्रा ती कसली जत्रा? वास्कोचा दामोदर सप्ताह पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत हवालदिल झालेल्या लोकांनी जांबावलीच्या श्रीदामोदराचा नारळ आणून अखंड भजन मांडले, तेव्हापासून ही परंपरा श्रावणात चालत आली आहे. त्या निमित्ताने मोठी फेरी भरते, रस्ताभर दुकाने लागतात, आणि बाजारातील निरनिराळ्या व्यवसायांचे लोक भजनाचे पार घेऊन देवाकडे येतात. येथे व्यापार आहे, व्यापारी आहेत, आणि कथाही आहे. पण व्यापारी कथेच्या सेवेला उभा आहे, कथा त्याच्या गल्ल्यावर बसलेली नाही. आपल्या संतमालिकेतही हेच दिसते. गोरोबा कुंभार होते, सावतोबा माळी होते, नरहरी सोनार होते, तुकोबांच्या घरी तर वाणसामानाचे दुकान होते. धंद्यातली भाषा त्यांनी देवाकडे नेली. मडक्यावर विठ्ठलाचा शिक्का मारून ते महाग विकल्याची आख्यायिका मात्र कोणत्याही गावात ऐकू येत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा आहे. बाकीचे त्याची वस्त्रे. शिखराची डागडुजी करावयाची आहे, अग्रशाळेचे छप्पर गळते, आणि महाजनांची वर्गणी पुरत नाही. मान्य. पण आपण काय विकत आहोत याचा हिशेब तरी नीट मांडू या. १५६० साली श्रीमंगेश कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. त्या काळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात ज्यांनी हे देव पोचविले त्यांनी शेते, घरे, विहिरी मागे टाकल्या. त्यांची नावे बहुतेक कोठे लिहिलेली नाहीत. त्यांनी आपल्यासाठी दोनच गोष्टी मागे ठेवल्या: देव आणि देवाची कथा. पुढे त्यांच्यापैकी कित्येकांचे वंशज बेळगावास गेले, इंदुरास गेले, बडोद्यास गेले. तेथे त्यांच्यापाशी ना गावची नदी, ना देवळाचा तलाव; आहे ती ही कथा. मुलाच्या मुंजीत, घरच्या लग्नात कुलदेवतेचे नाव घेताना तीच ओठांवर येते. त्या घरातल्या मुलाने ती प्रथम तेलाच्या जाहिरातीत पाहिली, तर जन्मभर ती रात्र आठवताना त्याला डबा आठवेल. अग्रशाळेचे छप्पर पुन्हा घालता येते. मुलाच्या मनात कथेला एकदा चिकटलेला डबा कोण काढणार?

म्हणून महाजनांपुढे माझे मागणे स्पष्ट आहे. समितीने पुढच्या सभेत ठराव करावा की देवाची मूर्ती, देवाचे नाव, स्थलपुराण आणि स्थलांतराची कथा कोणत्याही मालाच्या प्रसिद्धीसाठी कोणालाही कोणत्याही मोबदल्यात दिली जाणार नाही. ती कथा पडद्यावर यावी असे वाटत असेल तर समितीने स्वखर्चाने ती करावी, आपल्या पुरोहितांना आणि वृद्धांना विचारून करावी, आणि शेवटी समईच राहू द्यावी. व्यापाऱ्याला देणगी द्यावयाची असेल तर त्याचे स्वागत आहे. त्याने आपल्या घाण्याची, आपल्या तिळाची, आपल्या कामगारांची गोष्ट जत्रेच्या फेरीत खुशाल सांगावी. चांगली असेल तर आम्ही ती ऐकू आणि तेलही घेऊ. त्यात कमीपणा कोणालाच नाही.

राहिला देणगीदाराच्या नावाचा मान. त्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. जुन्या देवळांत दात्यांची नावे पायऱ्यांवर आणि फरशीवर कोरलेली आढळतात. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्या नावावर पडावी, यात त्या दात्यांना धन्यता वाटे. ती फरशी अजून जागेवर आहे, आणि तिच्यावर पुष्कळ जागा शिल्लक आहे. तेलवाल्याचे नाव तेथे कोरा. ते तेथे शोभेल, आणि देवही कपाळाला आठी न घालता ते पाहील.