ज्ञानगंगा कोयनाकाठी

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तिकडे वेस्ट इंडिज विद्यापीठाने २००८ साली आपला मुक्त विभाग उघडला, तोही बेटाबेटांवर केंद्रे ठेवून. कारण धडा मोबाइलवर येतो, पण अडले तर विचारायला माणूस लागतो. कोयनानगरची बारावीनंतर निकाह झालेली बहीण किंवा गॅरेजमध्ये राबणारा भाऊ प्रवेश घेईलही. स्वाध्याय लिहिताना मात्र एकटे पडतात आणि पहिल्याच वर्षी सोडतात. म्हणून माझे मागणे पदवीधरांकडे आहे. रविवारी दोन तास मदरशाच्या खोलीत बसा. वेळ बहिणींना विचारून ठरवा. जमातीने लग्नाच्या मंडपातून थोडे वाचवून फी भरावी. परीक्षेला कराडला जावे लागले, तर सोबत कोण जाणार, तेही आताच ठरू द्या.