समुद्र कापड्यापासून सुरू होतो

'कला आणि सागरविज्ञान' या जोडनावाच्या युवा-कार्यशाळांचे अलीकडे पेव फुटले आहे. किनाऱ्यावरची एक सकाळ, गळ्यात ओळखपत्र, एखाद्या शास्त्रज्ञाचे पडद्यावरील सादरीकरण, त्यानंतर प्रत्येकाच्या हाती कोरा कागद आणि खडूंची पेटी. दुपारी चित्रांचे प्रदर्शन, प्रमाणपत्रे, समूहछायाचित्र. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'आंतरविद्याशाखीय' या विशेषणाला जी पत आली आहे, तिच्या जोरावर अशा दिवसाचा अहवालही सुरेख लिहिता येतो. आम्ही स्वतः असे अहवाल लिहिले आहेत. तेव्हा हे आरोपपत्र आमच्यावरही आहे.

अशाच एका कार्यशाळेस आम्ही महाड-पोलादपूर भागातील आमचे काही विद्यार्थी घेऊन गेलो होतो. (आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे दोघे. एम. ए.च्या दोन वर्षांत आमचा समुद्राशी संबंध आला तो कवितेपुरताच.) 'माझा समुद्र' असा विषय दिला गेला. कापडे गावच्या एका मुलाने कागदभर तांबूस, मातकट पाणी रंगवले. मार्गदर्शक बाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, 'अरे, समुद्र निळा असतो ना?' आणि त्यांनी निळा खडू पुढे केला. मुलाने तो घेतला नाही. तेव्हा त्याचे चित्र 'प्रदूषण' या विभागात लावण्यात आले.

त्या चित्रात प्रदूषण नव्हते. जुलै महिन्यात सह्याद्रीच्या उतारावरून माती घेऊन उतरणारे पाणी खाडीच्या तोंडाशी ज्या रंगाचे असते, त्या रंगाचे ते होते. म्हणजे त्या खोलीत विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत बिनचूक निरीक्षण जर कोणी नोंदवले असेल, तर ते समुद्रापासून सर्वांत दूर राहणाऱ्या मुलाने. आणि त्याच्या कलेला विज्ञानाच्याच नावाने दुरुस्त करण्यात आले. आमचा आक्षेप या एका प्रसंगावर नाही. तो ज्या धारणेतून घडतो, तिच्यावर आहे. विज्ञान म्हणजे माहिती, कला म्हणजे त्या माहितीला दिलेला रंग, आणि समुद्र म्हणजे पुळणीवर उभे राहून दिसतो तेवढाच, अशी ही तिपेडी धारणा आहे.

कापडे पोलादपूर तालुक्यात आहे. तेथून समुद्र दिसत नाही, डोंगर दिसतात. पण तिथले पाणी सावित्रीला मिळते, आणि महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड, दासगाव, आंबेत असे करीत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर, दक्षिणेस बाणकोट, आणि त्याला लागूनच वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून केलेल्या कासव-संवर्धनामुळे प्रसिद्ध झालेले ते हेच वेळास. संस्थेच्या आणि गावकऱ्यांच्या कामाबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु पिल्ले पाण्यात जाताना बघायला येणाऱ्यांना, त्या पाण्यात वरून काय काय येऊन मिळते, हा प्रश्न कोणती कार्यशाळा विचारते? महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाणी आणि सावित्रीची खाडी हा वाद कित्येक वर्षांचा आहे. कासवाचे गोंडस चित्र काढताना तो आठवू नये, अशीच जणू व्यवस्था असते.

या खोऱ्यातील माणसांना नदी आणि समुद्र एकच आहेत हे शिकवावे लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या परिषदेसाठी आले, ते मुंबईहून आगबोटीने, हरिहरेश्वरमार्गे दासगाव बंदरावर उतरून. तेथून ते पायी महाडला गेले. चवदार तळ्याचा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवतो, पण त्या इतिहासाची वाट खाडीतून आली होती हे सांगत नाही. आणि २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा बुडालेल्यांपैकी काहींचे देह पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्यानंतर 'डोंगरातल्या मुलांचा समुद्राशी काय संबंध?' हा प्रश्न या भागात तरी कोणी विचारू नये.

तरीही तो विचारला जातो, आणि आमच्याच शिक्षक-खोलीत विचारला जातो. २२ जुलै २०२१ रोजी तळिये, केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, त्याच दिवशी महाड पाण्याखाली गेले. अशा मुलुखात मुलांना आधी सुरक्षितता आणि रोजगार द्या, शंख-शिंपल्यांची चित्रे नंतर, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे. आक्षेप वजनदार आहे. पण उधाणाच्या भरतीची वेळ आणि डोंगरातल्या पावसाची वेळ एकत्र आली तर पुराच्या पाण्याला खाली वाट मिळत नाही, हे सागरविज्ञान नव्हे तर काय? 'उधाण' आणि 'भांग' हे दोन शब्द खाडीकाठच्या माणसाला ठाऊक असतात. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती एका शब्दात, अष्टमीच्या आसपासची लहान दुसऱ्यात. आमच्या विद्यार्थ्यांना पहिला शब्द केवळ अलंकार म्हणून माहीत आहे ('आनंदाला उधाण आले'), दुसरा तर फक्त केसांतला. शब्दाचा अर्थ गळून अलंकार उरणे, ही भाषेच्या अध्यापकांनी केलेली हानी आहे. तिचा दोष आम्ही प्राणिशास्त्र विभागावर ढकलू शकत नाही.

किंबहुना मराठीच्या वर्गातील समुद्र हा त्या निळ्या खडूचा थोरला भाऊच आहे. तो अथांग असतो, अनंत असतो, विरही असतो. त्याला गाळ नसतो, मासे नसतात. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) आम्ही झोपडपट्टीच्या जीवनाची कादंबरी म्हणून वर्षानुवर्षे शिकवली. शीर्षकातील खाडी या शब्दाशी एकदाही थांबलो नाही. प्रादेशिकतेवर मात्र दहा गुणांचा प्रश्न हमखास.

कला आणि सागरविज्ञान यांचे खरे नाते कसे असते, याचे एक उदाहरण म्हणजे रेचल कार्सन. अमेरिकेच्या मत्स्य-खात्यात नोकरी करणाऱ्या या प्राणिशास्त्रज्ञ बाईंचे पहिले पुस्तक 'अंडर द सी-विंड' १९४१ साली आले. त्याच्या अखेरच्या भागात गोड्या पाण्यातील एक वाम आपले आडगावचे तळे सोडून नदीवाटे समुद्रात अंडी घालण्यास जाते. वामेचे हे आयुष्य शास्त्रज्ञांनाही फार काळ कोडे होते. १८७६ साली तरुण सिग्मंड फ्रॉइडने त्रिएस्तला शेकडो वामा चिरल्या, त्या नराच्या जननग्रंथी शोधण्यासाठी. (पुढे तो वेगळ्या शोधाकडे वळला, असो.) तिची पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्ले तर प्रदीर्घ काळ निराळाच मासा म्हणून गणली जात होती. येथे कला ही विज्ञानाला लावलेली साखर नाही. एका तळ्यापासून महासागरापर्यंतचा प्रवास एका नजरेत धरायचा तर गोष्टच लागते, आणि गोष्ट खोटी ठरू नये म्हणून विज्ञान लागते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अर्न्स्ट हेकेलने १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध केलेली सागरी जीवांची चित्रे अतिशय देखणी आहेत, आणि सममितीच्या मोहात त्याने निसर्गाला अधिक नीटनेटके केले, अशी टीका त्यांवर झाली आहे. कार्यशाळेत मुलांना हा वाद सांगावा. तो कोणत्याही रंगपेटीपेक्षा उपयोगी आहे.

भारतातील गोड्या पाण्यातली वामही समुद्रात जन्मते आणि नदीने वर चढते. आणि कापड्याच्या मुलांना चढणीचे मासे माहीत आहेत! पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून वर येणारे, पोटात अंडी असलेले मासे. कुठे त्याला 'वलगण' म्हणतात. ते वर जातात अंडी घालायला. वाम त्याच कामासाठी खाली जाते. एकाच नदीत दोन उलट्या वारी चालू आहेत, यापेक्षा सुंदर विषय चित्रकलेला आणि जीवशास्त्राला एकत्र कोणता मिळणार? महाड तालुक्यातच, काळ नदीवर, वाळण कोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारत नाही. श्रद्धेने राखलेला तो डोह विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी चितारावा.

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या मंडळींनी ओहोटीच्या वेळी खडकांवरून लोकांना चालवले, आणि ज्या किनाऱ्यावर कचऱ्याखेरीज काही नाही असे शहर समजत होते तेथे जिवंत सृष्टी दाखवली. पाहणे आधी, बोलणे मागाहून, हा त्या उपक्रमाचा गुण. आम्हांला त्याची नक्कल नको आहे; तीच शिस्त डोंगरात हवी आहे.

म्हणून या जूनमध्ये आम्ही कापड्यातच बसलो. पाहुणे नव्हते, फलक नव्हता. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून माशांचे आणि पाण्याचे शब्द आणायचे, आणि ज्याचा शब्द आणला त्याचे चित्र आठवणीने काढायचे, एवढेच ठरले होते. 'वाम' या एका शब्दाखाली तीन वेगळी चित्रे आली. एक पाठीवर काटे असलेल्या नदीतल्या माशाचे, एक गुळगुळीत सापासारख्या माशाचे, आणि तिसरे मुंबईला मामाकडे बाजारात पाहिलेल्या समुद्री वामेचे. तिघेही आपलेच खरे म्हणून भांडले. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तिघेही बरोबर असल्याचे सांगितले तेव्हा मुले थोडी हिरमुसली. एका आजोबांनी सांगितले की मोठी वाम 'खालून' येते. खालून म्हणजे कुठून, असे त्या मातकट समुद्रवाल्या मुलाने विचारले. महाडच्याही खालून, एवढेच आजोबांना माहीत होते.

पावसाळा ओसरल्यावर तेच कागद घेऊन आम्ही नदीच्या कडेने बाणकोटपर्यंत जाणार आहोत. मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मित्रांनी वामेसाठी त्यांच्याकडे कोणकोणते शब्द चालतात, आणि 'वलगण' हा शब्द नदीच्या कोणत्या गावापर्यंत ऐकू येतो, ते त्याआधी कळवावे.