तीन विमानतळ आणि एक नळ

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यमवर्गात आग्नेय आशियाची सहल ही आता अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. 2023 च्या अखेरीस थायलंड आणि मलेशिया यांनी भारतीयांसाठी व्हिसाची अट शिथिल केल्यापासून तर हा ओघ वाढलाच. चिकलठाण्याहून मुंबई गाठावयाची आणि तेथून पुढे निघावयाचे. सकाळी सिंगापूर, दुपारी बँकॉक, दिवेलागणीला कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, असा एका दिवसात तीन देशांचा प्रवास आज सहज शक्य आहे. परतलेला प्रवासी मित्रमंडळीत सांगतो, की आपल्याला मोठा 'सांस्कृतिक धक्का' बसला. हा शब्दप्रयोग अलीकडे फार सैलपणे होऊ लागला आहे. म्हणून या धक्क्याची थोडी झडती घेणे अगत्याचे आहे.

त्यातला काही भाग खरोखरच सांस्कृतिक असतो. भिक्षापात्रात मांसान्न स्वीकारणारा थाई भिक्खू पाहून, बौद्ध धर्म म्हणजे शाकाहार असे धरून चाललेला माणूस गोंधळतो. आंबवलेल्या मासळीच्या रसाचा वास त्याला जेवू देत नाही. रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर गाडा चालविणाऱ्या स्त्रिया पाहून तो थक्क होतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरील समुद्रमंथनाचे भव्य शिल्प पाहून मात्र त्याची छाती फुगते; अजिंठा आपल्या जिल्ह्यात, म्हणजे हे सारे आपलेच, असा निष्कर्ष तो तेथल्या तेथे काढून मोकळा होतो. असो.

परंतु घरी आल्यावर तो ज्याविषयी बोलतो, ते निराळेच असते. स्वच्छ रस्ते, वेळेवर येणारी बस, केव्हाही सोडावा तेव्हा वाहणारा नळ. आणि या वर्णनाचा शेवट ठरलेला: "आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही, येथे दंडुकाच हवा." वस्तुतः गुलमंडीवर कागदाचा बोळा भिरकावणारा हाच गृहस्थ सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कचरापेटी शोधीत हिंडलेला असतो. पाच-साडेपाच तासांच्या उड्डाणात कोणाचे रक्त बदलत नाही. बदललेली असते ती भोवतालची व्यवस्था. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून संतुष्ट झालेला वर्ग तो हाच.

सिंगापुरात दंडुका आहे, यात शंका नाही. विरोधी समाजवादी आघाडीचे खासदार चिया थाय पो यांना तेथे 1966 पासून 1989 पर्यंत विनाचौकशी स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. अशाच दडपशाहीवरून हकालपट्टीची मागणी झाली, तेव्हा ली क्वान यू यांचा पक्ष 1976 मध्ये सोशालिस्ट इंटरनॅशनलमधून बाहेर पडला. परंतु सिंगापूरच्या झोपड्या या दंडुक्याने हटल्या नाहीत. 1960 मध्ये सरकारने गृहनिर्माण मंडळ स्थापिले, 1966 च्या कायद्याने शहरातील जमीन सार्वजनिक मालकीत आणण्याचा मार्ग मोकळा केला, आणि आज तेथील पाचांपैकी जवळजवळ चार रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. आपला प्रवासी दंडुका तेवढा पाहून येतो. जमिनीचा प्रश्न त्याला दिसत नाही, कारण त्याची स्वतःची गुंतवणूक बायपासच्या प्लॉटमध्ये असते.

"सिंगापूर श्रीमंत आहे," असे यावर कोणी म्हणेल. म्हणूनच त्या दिवसाचा तिसरा विमानतळ महत्त्वाचा. नॉम पेन्ह हे शहर खमेर रूजने एप्रिल 1975 मध्ये अक्षरशः रिकामे केले. एक सोन चान यांनी तेथील पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे 1993 मध्ये हाती घेतली, तेव्हा देश अत्यंत दरिद्री होता. नळ दिवसातून दहाच तास वाहत आणि तेही शहरातील जेमतेम पाव लोकांकडे. शंभर लिटर पाण्यातले बहात्तर लिटर गळतीत आणि चोरीत जात होते. चान यांनी घरोघरी मोजणी केली, प्रत्येक जोडणीला मीटर बसविला, पाणी विकणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढून टाकले, चांगले काम करणाऱ्यांना वाढीव मोबदला दिला. बड्यांचीही गय केली नाही. एका लष्करी अधिकाऱ्याकडे मीटर बसविण्यास गेले असता त्यांच्यावर पिस्तूल रोखले गेले. तरीही त्या घराचे पाणी तोडण्यात आले. गरीब कुटुंबांना जोडणीसाठी सवलत मिळाली. 2006 मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा शहराच्या नव्वद टक्के लोकांना चोवीस तास पाणी मिळत होते आणि गळती आठ टक्क्यांच्या आसपास आली होती. परदेशी मदत मिळाली, हे खरे. कंबोडियातील राजवट लोकशाहीचा आदर्श नव्हे, हेही खरे. परंतु संस्था सरकारी होती. 2012 मध्ये थोडे भाग शेअरबाजारात विकले गेले, तरी तिची बहुतांश मालकी सरकारकडेच राहिली.

आता चिकलठाण्याला परत येऊ. मलिक अंबराने सतराव्या शतकात नहरीने पाणी आणलेल्या या शहरात, जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असताना, वसाहतीमागून वसाहती वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआडच्या पाण्यावर जगल्या. दारोदारचा निळा ड्रम हीच या शहराची खूण झाली. 'समांतर' जलवाहिनीच्या नावाखाली पाणी खासगी कंपनीकडे सोपविण्याचा प्रयोग झाला, तो 2016 मध्ये गुंडाळावा लागला. डिसेंबर 2020 मध्ये नव्या योजनेची पायाभरणी झाली. 1,680 कोटींचा खर्च 2,740 कोटींवर गेला आणि मुदती एकामागून एक उलटल्या. या काळात कित्येक वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. म्हणजे दंडुकावाल्यांना हवा असलेला एकहाती कारभार होता, आणि तरीही नळ कोरडाच होता.

आशियातील समाजवादी जानेवारी 1953 मध्ये रंगूनला जमले होते, ते एकमेकांचे प्रश्न समजून घेण्यासाठी.  आज त्या दिशेची विमाने सहल कंपन्यांनी भरून जातात, आणि नॉम पेन्हला उतरलेला प्रवासी हॉटेलातील नळ सोडताना असा प्रश्न विचारीत नाही, की हे पाणी येथे कोणी आणि कसे आणले.

तो प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे, आणि तोही आपल्या महापालिकेला. जायकवाडीतून रोज किती पाणी उचलले जाते, त्यातले जलकुंभांपर्यंत किती पोहोचते, वाटेत कोणाच्या अनधिकृत जोडण्या आहेत, थकबाकीदारांच्या यादीत पहिली नावे कोणाची, हे प्रभागवार जाहीर करण्याची मागणी झाली पाहिजे. ड्रम घेऊन महापालिकेवर गेलेले मोर्चे या शहराने पुष्कळ पाहिले. पुढच्या मोर्चाच्या हाती ही यादी असावी.